पहिलं रोप

वाडीत कमळच्या हाताला नाव होतं. भातं कापून झाली, खळी उठली, की मांडव्याच्या अलीकडच्या त्या आगरी वाडीतल्या बाया आपापल्या परसात वाफे करायला घ्यायच्या. वांगी, मिरची, टोमॅटो. पण पहिलं रोप कुणी आपल्या हातानं लावत नसे, त्याला कमळ लागायची. ती यायची, वाफ्याच्या कडेला फतकल मारून बसायची, मुळं बोटांनी मोकळी करून रोप मातीत दाबायची आणि वर ओंजळभर पाणी घालून उठायची. घरवाली तिच्या हातावर नारळ ठेवायची. मग बाकीची रोपं कुणी का लावेना. कमळच्या हाताचं रोप मरत नाही असं सगळे म्हणत, आणि एकदा सगळे म्हणायला लागले की खरंखोटं बघायला कोण जातंय.

कमळला या मानाचा भारी सोस. बोलावणं आलं तरी लगेच निघायची नाही. घरात उगाच भांडी इकडची तिकडे करायची आणि दुसरं बोलावणं येऊ द्यायची. ज्या घरानं लग्नात तिला मागच्या पंगतीला बसवलं असेल, त्यांच्याकडे ती ऊन चढल्यावर जायची, तोवर त्यांची रोपं टोपलीत माना टाकून बसलेली असत. अगदीच वाईट बाई होती असं नाही. पण जगात तिच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती आणि ती सोडायची तिची तयारी नव्हती.

किडीशी तिचं उभं वैर. सकाळी परसात शिरली की पान न् पान उलटून बघायची. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की तो खुडायचा, नखानं चिरायचा, आतली अळी बाहेर काढायची आणि दोन बोटांत चिरडायची. माव्यावर चुलीतली राख, पांढऱ्या माशीवर साबणाचं पाणी, बाकी सगळ्यावर निंबोळीचा अर्क. "कीड दिसली की दया दाखवायची न्हाय. आज सोडलीस तर उद्या घर खाईल," असं ती लेकीला, भाविकाला, सांगायची. भाविकानं ते चांगलं ध्यानात ठेवलं होतं.

भाविकाला खाडीपलीकडे दिली आणि पुढच्याच वर्षी काळूराम गेला. मिठागरावर बांध घालताना छातीत कळ आली आणि माणूस तिथंच बसला तो बसलाच. त्याच्या मागे खुंटीला राहिली त्याची तंबाखूची चंची. कमळ तोवर नुसती मिश्री लावायची, तव्यावर काळी करून भाजलेली. नवरा गेल्यावर तिनं चंची जवळ केली. तळव्यावर तंबाखू घ्यायची, नखभर चुना लावायचा, अंगठ्यानं रगड रगड रगडायचं, टाळी मारून भुकटी उडवायची आणि चिमूट ओठाखाली धरायची. त्या वासात काळूराम तिच्याजवळ येऊन बसल्यासारखा वाटायचा. मग ती परसात जायची. पोराबाळांसमोर रडण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटायचं आणि त्यात तिचं काय चुकलं?

आता विधवेच्या हातानं पहिलं रोप लावायचं का, यावर वाडीत कुजबुज झालीच. देवळाच्या पायरीवर बाया बसल्या, हो-नाही झालं, आणि शेवटी ठरलं की कुंकू गेलं तरी हात तोच आहे. कमळच्या कानावर हे आलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण त्या दिवसापासून एक धास्ती मनात बसली. दिलेला मान परतही घेता येतो, हे तिला प्रथमच कळलं होतं.

घरात मयत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. तिचा मुलगा धनेश बंदरावर ट्रेलर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. घरात दुसरं माणूस हवं म्हणून त्याचं लग्न घाईनं उरकलं. सून आली पेणकडची, रुचिका. मोठ्यानं हसणारी, कामाला उरक असलेली. आल्या आल्या सासूच्या मागं मागं परसात फिरायची, "आई, या अळीला काय म्हनतात?" "आई, हा पाला असा का?" करत. कमळला ते आवडायचं, पण तसं तिनं कधी दाखवलं नाही.

त्याच हिवाळ्यात रोग आला. टोमॅटोच्या पानांवर फिकट-गडद हिरवे डाग पडले. मग पानं आकसली, सुरकुतली, शेंड्याकडची तर नुसती दोऱ्यांसारखी बारीक झाली. मिरची वाढेना. फळ धरलं तर अर्धं लाल, अर्धं पिवळं, आणि कापलं तर आत तपकिरी. कमळनं राख टाकली, निंबोळी मारली, साबणाचं पाणी मारलं. दिवसातून चार वेळा जाऊन एकेक पान हातात घेऊन बघितलं. आणि ती जेवढी जास्त काळजी घेत गेली, तेवढा रोग जास्त पसरत गेला.

एका सकाळी शेजारची अमिषा रोगट फांदी घेऊन अंगणात आली. तिच्यामागे आणखी दोघीतिघी. खाडीपलीकडून भाविकाचाही फोन येऊन गेला होता. तिच्या सासरी पहिलं रोप लावायला कमळ मुद्दाम होडीनं गेली होती, तिथंही हेच.

"काकी," अमिषा फांदी हलवत म्हणाली, "अवंदा पयलं रोप तुमीच लावलंत ना?"

तिनं साधंच विचारलं होतं. पण बायांच्या नजरा कमळच्या बोडक्या कपाळावर गेल्या, निदान तिला तरी तसं वाटलं. रुचिका तेव्हा विहिरीवर पाणी ओढत होती, कुणाशी तरी फोनवर हसत होती.

"माजा हात तोच हाय गो," कमळ म्हणाली. "घरात पाय मात्र नवा आयलाय."

एवढंच. पण एवढं पुरलं. बायांनी विहिरीकडे बघितलं आणि त्यांना ते लगेच पटलं, कारण पटवून घेणं फार सोयीचं होतं.

पुढच्या दोन वर्षांत रुचिकाचं काय झालं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगायला हवं. तिला परसात पाऊल टाकायची बंदी झाली. पाळी आली की तिनं पडवीत गोणपाटावर बसायचं, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे वाफ्यांवर नजर जायला नको. ती रस्त्यानं निघाली की बाया रोपांच्या टोपल्या पदराखाली घ्यायच्या. हिवाळ्यात पोपटी भाजायला सगळी वाडी शेतात जमायची, मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर वालाच्या शेंगा रचायची, तेव्हा रुचिकाला सांगायचे, "तू निस्ती जाळ बघ, शेंगांना हात लावू नको." दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. भाविका तेव्हा माहेरी आली होती. "तिच्या नजरंनं झाडाला फळ धरत न्हाय, तिला काय धरनार," असं ती आईला म्हणाली, आणि आवाज मुद्दाम पडवीपर्यंत जाईल असा ठेवला. कमळनं लेकीला चहा दिला. रुचिकाचं हसणं कधी थांबलं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात राही आली. ही नवी कृषी सहायक, मोटारसायकलवरून वाड्या-वाड्या फिरणारी मुलगी. कमळचं नाव ऐकून ती आधी तिच्याकडेच आली. वाफ्यात उकिडवी बसली, एक पान खुडलं, उन्हाकडे धरलं.

"मावशी, ही कीड नाही, हा विषाणू आहे. याला औषध नाही. रोगट झाडं उपटून जाळायची, त्यांचं बी धरायचं नाही. आणि हा हातानं पसरतो. एका झाडाला हात लावून दुसऱ्याला लावला की गेलं."

"पन आयला कुठून?"

राहीनं तिच्या हाताकडे बघितलं. कमळ बोलता बोलता तळव्यावर तंबाखू रगडत होती.

"तंबाखू कधीपासून खाता?"

"आदी निस्ती मिश्री लावायची. धनी गेल्यापासून ही." कमळचा अंगठा थांबला.

"तंबाखूच्या पानातच असतो तो. टोमॅटो, मिरची, तंबाखू, सगळी एकाच कुळातली. हाताला भुकटी लागते आणि हातावाटे झाडात जातो. मिश्रीत भाजून मरतो बहुतेक, पण कच्च्या तंबाखूत राहतो. साबणानं हात धुवून मगच रोपांना हात लावा, बस. तुमची चूक नाही मावशी, कुणाला माहीत असतं?"

राही पाणी पिऊन गेली. विहिरीच्या आडोशाला रुचिका भांडी घासत होती, आणि तिचे हात मघापासून थांबलेले होते. कमळनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

तिला राहीचं खोटं ठरवायचं होतं. म्हणून तिनं पडवीमागे दोन कुंड्यांत मिरची लावली. एकीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबण लावायचा, दुसरीला तंबाखूच्याच हातानं कुरवाळायचं. महिना व्हायच्या आत दुसऱ्या कुंडीतली पानं आकसली, पहिलीतली मिरची फुलावर आली. कमळ त्या कुंड्यांसमोर बराच वेळ बसली. कुठल्या कुठल्या घरी आपण पहिलं रोप लावलं ते तिला आठवत गेलं. जिथं जिथं तिचा हात गेला होता, तिथं तिथं रोग गेला होता.

मग तिनं काय करावं? वाडीत सांगावं, सुनेला जवळ घ्यावं, म्हणावं बाय माझं चुकलं. तुम्हीआम्ही हेच म्हणू, कारण मान आपला जाणार नसतो. कमळनं दुसरा हिशेब केला. हात धुतले की रोग जाणार. रोग गेला की बाया विचारणार, कसा गेला? तेव्हा सांगायला काहीतरी हवं. आधी रुचिका गेली पाहिजे, रोग त्यानंतर जायला हवा. एवढ्या थंड डोक्यानं तिनं आयुष्यात कधी काही ठरवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला धनेश घरी आला तेव्हा रुचिकानं त्याला सगळं सांगितलं. राही काय म्हणाली, आई काय ऐकून गप्प बसली, सगळं. तिला वाटलं, आता सुटले. धनेश ऐकून घेत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या.

"आईच्या हाताला नाव ठेवतेस?" तो ओरडला. "आख्खी वाडी जिच्या हाताखालून जाते, तिच्या? आपलं झाकायला?"

कमळ उंबऱ्यात उभी होती. एक शब्द पुरला असता.

"पोरा, तिला माहेरी सोड," ती म्हणाली. "एक हंगाम बगू. तिच्या बी जिवाला आराम."

दुसऱ्या दिवशी रुचिका निघाली. बॅग मोटारसायकलला बांधून झाल्यावर ती वाकून सासूच्या पाया पडली. उठताना अगदी हळू, फक्त कमळला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, साबन मोरीवर ठेवलाय. नवीन हाय."

कमळनं त्याच साबणानं हात धुतले. रोगट झाडं उपटली, जाळली, बी बाजारातून नवं आणलं, आणि बायांनाही तसंच करायला लावलं. चंची सकाळी पेटीत बंद, संध्याकाळी परसातून आल्यावर उघडायची. पहिलं रोप लावायच्या आधी ती प्रत्येक घरी गरम पाणी मागून हात धुवायला लागली. बायांना वाटलं, काकीनं काही नेम धरलाय. त्या वर्षी वाडीत टोमॅटो असे लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पोपटीच्या मडक्याभोवती बसून अमिषा म्हणाली, "गेली नि रोग घेऊन गेली. काकीनं बरोबर वळखलं होतं." आणि कमळ शेंग सोलत म्हणाली, "मना पयल्याच दिशी कळलं होतं."

ही गोष्ट मग ती लग्नात सांगायला लागली, हळदीला सांगायला लागली. दर वेळी थोडी वाढवून. खाडीपलीकडे भाविकाच्या सासूला, मनुबाईला, तर तिनं स्वतः जेवणाच्या पानावर बसून सांगितली, अगदी रंगवून. मनुबाईनं घास तोंडाशी धरून ठेवला होता, इतकं लक्ष देऊन ती ऐकत होती. रुचिकाचा एक हंगाम सरला, दुसरा सरला, आणि धनेशनं आणायचं नाव काढलं नाही. मग पेणहून फारकतीचा निरोप आला.

मनुबाईच्या परसात मात्र रोग गेला नव्हता. कसा जाणार? झाडं जाळा, बी बदला हे कमळनं वाडीतल्या बायांना सांगितलं होतं, खाडीपलीकडे नाही. कमळनं लावलेल्या त्या पहिल्या रोपाचं बी तिनं मोठ्या श्रद्धेनं धरलं होतं, विहिणीच्या हाताचं म्हणून. दरसाल तेच पेरत होती. आणि दरसाल झाड आकसलं की तिच्या डोक्यात विहिणीनं सांगितलेली गोष्ट घोळत होती. वाडीत सून गेली आणि रोग गेला. आपल्याकडे रोग कधी आला? भाविका आली आणि पुढच्याच हिवाळ्यात.

पेरणीच्या दिवसांत एका दुपारी रिक्षा कमळच्या दारात थांबली. मनुबाई उतरली, मागून भाविका, तिच्या हातात दोन पिशव्या. डोळे रडून सुजलेले. अमिषा नि दोघीजणी अंगणातच होत्या, उद्याच्या पहिल्या रोपाची वेळ विचारायला आलेल्या.

"विहीनबाय, एक हंगाम ठेवा हिला," मनुबाई म्हणाली. रागानं नाही, अगदी समजुतीनं. "माज्या लेकाला, परेशला बी पटलंय. झाडं सुदारली की आपन बोलू."

"खुळी झालीस काय? माज्या लेकीनं काय केलं?" कमळ म्हणाली.

"तुमच्या सुनंनं काय केलं होतं? तुमीच सांगितलंत ना, माज्या घरी जेवताना?"

कमळनं भाविकाकडे बघितलं. मग अमिषाकडे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी एवढं केलं, ते आता याच अंगणात, या बायांसमोर टाकून द्यायचं होतं. तिला एक क्षण जड गेला, खोटं कशाला बोला. पण लेक समोर उभी होती.

"तो रोग माज्या हातानं आयला," ती म्हणाली. "तंबाखूनं येतो. ती राही सांगून गेली होती मना. तुमच्या घरचं पयलं रोप मी लावलं, तंबाखूच्या हातानं. अमिषा, तुज्या बी घरी मीच दिला. रुचिकानं काय केलं नवतं. मना ठावं होतं, ती गेली तवा बी ठावं होतं!"

मनुबाईनं डोळ्याला पदर लावला.

"बगा," ती अमिषाला म्हणाली, "आईची माया. लेकीसाठी आपल्याच हाताला शाप द्यायला बसली."

"काकी, बसा तुमी," अमिषानं कमळला धरून ओटीवर बसवलं. "पानी प्या. असं भलतं बोलू नका. तुमच्या हातानं आमची घरं चालली."

"अगो खरं सांगते! तंबाखू..."

"मिश्री आमी सगल्याच लावतो, ती बी तंबाखूच," दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या, प्रेमानंच.

मनुबाई रिक्षात बसून गेली. संध्याकाळी कमळनं भाविकाला परसात बोलावलं. "ये, आत ये. हात लाव रोपांना. तुला काय झालं न्हाय, तुज्या हातात काय न्हाय." भाविका वाफ्याच्या कडेला उभी राहिली. आत येईना. कमळनं तिचा हात धरून ओढला, बोटं जबरदस्तीनं मिरचीच्या रोपावर टेकवली, तशी भाविका किंचाळली आणि हात हिसकून घेतला. "नको आई! मेली तर?" तिनं हात पोटाशी धरला. "मी वैनीला काय काय बोलली... ते मनाच लागलंय." त्यावर कमळनं शपथा घेतल्या, काळूरामची सुद्धा. पण कीड दिसली की दया दाखवायची नाही, हे तिनंच या पोरीला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि पोरगी आता स्वतःकडेच त्या नजरेनं बघत होती.

सकाळी अमिषा बोलवायला आली. हातात नारळ. रोपांची टोपली तिनं बाहेर फाटकापाशीच ठेवली होती आणि वर ओला पंचा झाकला होता.

"चला काकी, ऊन चढायच्या आत." मग आवाज बारीक करून, जरा संकोचून म्हणाली, "आनी भाविकाला आज पडवीतच बसू द्या हां. राग नका मानू. रोपं कवली हायेत."

कमळनं मागं वळून बघितलं. भाविका सांगायच्या आधीच पडवीत जाऊन बसली होती, गोणपाटावर, तोंड भिंतीकडे करून. कमळनं मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. आणि ती अमिषाच्या मागून निघाली.